पूर्वनियती व इच्छास्वातंत्र्य, ख्रिस्ती विचारातील

मानवापैकी कोणाचे तारण व्हावयाचे हे ईश्वराने सृष्टीच्या उत्पत्तीपूर्वीच ठरवून ठेवले आहे, या श्रद्धेस पूर्वनियतीचा सिद्धांत म्हणतात. तर ईश्वराच्या हाकेस होकार किंवा नकार देण्याचे सामर्थ्य मनुष्याच्या ठिकाणी आहे, या मतास इच्छास्वातंत्र्याचा सिद्धांत म्हणतात. ख्रिस्ती धर्मात ही दोन्ही मते आरंभापासून शेजारी शेजारी नांदत आली आहेत. त्यांचा मेळ कसा घालावयाचा, याविषयीचा वाद पाचव्या शतकात पेटला व पुढे दीड हजार वर्षे अधूनमधून भडकत राहिला. वरवर पाहता तो केवळ पंडितांचा वाटतो. प्रत्यक्षात मात्र चुकलेल्या मठवाशाला बोल लावावा की नाही, तान्हेपणी दगावलेल्या मुलाच्या आईला काय सांगावे, परक्या देशात धर्मोपदेशक पाठवावेत की नाही, अशा अगदी व्यावहारिक प्रश्नांवर तो वेळोवेळी येऊन ठेपला.

भारतीय वाचकाला येथे प्रारब्धाची आठवण होणे स्वाभाविक आहे; तथापि दोन्ही कल्पना एक नव्हेत. प्रारब्ध हे जीवाच्या स्वतःच्याच पूर्वकर्माचे फळ होय. पूर्वनियतीत ईश्वराची निवड मनुष्याच्या कोणत्याही कर्माच्या आधीची असते, म्हणूनच ईश्वराच्या न्यायीपणाचा प्रश्न तेथे अधिक तीव्रतेने उभा राहतो. याहून जवळचे साम्य पाहावयाचे, तर ते श्रीवैष्णव संप्रदायातील मर्कटन्याय व मार्जारन्याय यांच्या वादात सापडते. माकडीचे पिलू स्वतः आईला बिलगून राहते, मांजरीच्या पिलाला मात्र आईच तोंडात धरून नेते. भक्ताचे तारण यांपैकी कोणत्या रीतीने होते, हा तेथील प्रश्न ख्रिस्ती वादाच्याही गाभ्याशी आहे.

बायबलमध्ये दोन्ही पक्षांना आधार मिळतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या व नवव्या अध्यायांत सेंट पॉलने ईश्वराने आधीच नेमलेल्या लोकांविषयी लिहिले आहे. एसाव व याकोब या जुळ्यांपैकी एकाची निवड त्यांच्या जन्मापूर्वीच झाली होती, याचा दाखला त्याने दिला असून मातीने कुंभाराला जाब विचारू नये, असेही सुचविले आहे. उलटपक्षी, अनुवाद या ग्रंथात मोशे लोकांपुढे जीवन व मृत्यू हे दोन्ही मार्ग ठेवतो आणि निवड करण्यास सांगतो. तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रानुसार सर्व माणसांचे तारण व्हावे अशी ईश्वराची इच्छा आहे. पहिल्या तीन शतकांतील ग्रीक धर्माचार्यांचा कल स्पष्टपणे इच्छास्वातंत्र्याकडे होता. ग्रहांवर भरवसा ठेवणारे ज्योतिषी आणि मनुष्याचे स्वरूपच त्याची गती ठरविते असे मानणारे ज्ञानवादी पंथ हे त्यांचे प्रतिपक्षी होते. जस्टिन मार्टर, ऑरिजेन यांना म्हणूनच मनुष्याची जबाबदारी ठासून सांगणे आवश्यक वाटले.

या विचाराला निराळे वळण दिले ते उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) याने. तारुण्यात त्यानेही इच्छास्वातंत्र्याचे समर्थन करणारा ग्रंथ लिहिला होता. पण ३९६ च्या सुमारास पॉलच्या पत्रांचा पुन्हा अभ्यास करताना त्याचे मत पालटले. आपले स्वतःचे मतपरिवर्तन आपल्या निश्चयाने घडले नाही, उलट निश्चय करण्याचे बळच कोणी तरी दिले, हा त्याचा अनुभव त्याच्या कन्फेशन्स  या आत्मकथनाच्या मुळाशी आहे. त्या ग्रंथात ईश्वराने हवी ती आज्ञा करावी, पण ती पाळण्याची शक्तीही त्यानेच द्यावी, अशा आशयाची प्रार्थना आहे. ती रोममध्ये कोणी वाचून दाखविली, तेव्हा तेथे राहणारा ब्रिटनचा तपस्वी पेलेजियस संतापला, असे ऑगस्टीननेच नमूद केले आहे. पेलेजियसचा संताप समजण्याजोगा होता. नाममात्र ख्रिस्ती झालेल्या रोमन श्रीमंतांना तो कडक नीतीचा उपदेश करीत असे, आणि दुबळेपणाची सबब त्यांना आयती मिळावी हे त्याला पसंत नव्हते. ईश्वर अशक्य ते सांगत नाही. सांगितले आहे त्या अर्थी ते करण्याची शक्ती मनुष्यात आहे, हे त्याच्या शिकवणुकीचे सार होय.

गॉथांनी ४१० मध्ये रोम लुटल्यावर पेलेजियस आफ्रिकेमार्गे पॅलेस्टाइनला गेला व वाद सर्वत्र पसरला. दीओस्पोलिस येथील सभेने ४१५ मध्ये त्याला निर्दोष ठरविले. तर सम्राट होनोरियसचे फर्मान व कार्थेजची धर्मसभा यांनी ४१८ मध्ये त्याच्या मताचा निषेध केला. एफेससच्या धर्मपरिषदेने ४३१ मध्ये या निषेधावर शिक्कामोर्तब केले. परंतु पेलेजियसचा पराभव झाला म्हणून ऑगस्टीनचे सर्व म्हणणे मान्य झाले असे नव्हे. हाद्रुमेतुम (आजच्या ट्युनिशियातील सूस) येथील मठवाशांनी ४२६ च्या सुमारास एक साधा प्रश्न उपस्थित केला : सर्व काही कृपेनेच घडत असेल, तर चुकलेल्या भावाला बोल का लावावा? त्याच्यासाठी केवळ प्रार्थना केली म्हणजे पुरे. ऑगस्टीनने उत्तरादाखल एक स्वतंत्र पुस्तक लिहिले. बोल लावणे हेही कृपेचेच एक साधन असू शकते, असे त्याचे उत्तर आहे. ते तर्काला धरून आहे. पण त्याने प्रश्न संपला नाही. बाप्तिस्म्याविना मेलेली अर्भकेही, अगदी सौम्य स्वरूपात का होईना, दंडाला पात्र ठरतात हा त्याचा निष्कर्ष तर अनेकांना तेव्हाही जाचला. दक्षिण गॉलमधील मठवासी, विशेषतः जॉन कॅशियन, यांनी पहिले पाऊल कधी मनुष्य टाकतो, तर कधी ईश्वर, असा मध्यममार्ग सुचविला. ऑरेंज येथील सभेने ५२९ मध्ये त्यावर निर्णय दिला. श्रद्धेचा आरंभही कृपेनेच होतो हे ऑगस्टीनचे मत तिने स्वीकारले, परंतु ईश्वराने कोणाला पापासाठी नेमून ठेवले आहे असे म्हणणाऱ्यांचा धिक्कार केला. मध्ययुगाच्या बऱ्याच मोठ्या काळात या सभेच्या ठरावांचा विद्वानांना विसर पडला होता. तसे झाले नसते, तर पुढील काही भांडणे कदाचित टळली असती.

त्यांपैकी नवव्या शतकातील गॉटशाल्कचे प्रकरण करुण आहे. हा सॅक्सन सरदारपुत्र बालपणीच वडिलांनी फुल्डाच्या मठाला अर्पण केला होता. मोठेपणी त्याने मेन्झच्या सभेपुढे (८२९) आपल्याला या व्रतातून मोकळे करावे अशी मागणी केली. मात्र मठाधिपती राबानुस मौरुसच्या विरोधामुळे ती सफळ झाली नाही. पुढे निवडलेल्यांचे तारण व इतरांचा दंड ही दोन्ही पूर्वनियत आहेत, असे तो शिकवू लागला. किएर्झी येथील सभेने ८४९ मध्ये त्याला फटके मारविले, स्वतःचे लेखन स्वतःच्या हाताने अग्नीत टाकावयास लावले आणि ओव्हिलेरच्या मठात कोंडले. सुमारे वीस वर्षांनी तो तेथेच मरण पावला. मत मागे घेतल्यास अंत्यविधी मिळतील, ही अटही त्याने नाकारली. ज्याच्या आयुष्याचा मार्ग इतरांनी आधीच ठरविला होता, त्यानेच पूर्वनियतीचा पक्ष इतक्या हट्टाने घ्यावा आणि इतक्या स्वतंत्र बाण्याने तो निभवावा, यातील विसंगती लक्षणीय आहे.

मध्ययुगीन तत्त्ववेत्त्यांनी प्रश्नाची मांडणी अधिक सूक्ष्म केली. बोइथियसने ईश्वर कालातीत असल्याने त्याचे ज्ञान हे भविष्याचे भाकीत नसून सर्व काळाचे एकाच वेळी घडणारे दर्शन होय, असे म्हटले होते. रस्त्याने चालणाऱ्या माणसाला कोणी पाहिले, म्हणून त्याचे चालणे सक्तीचे ठरत नाही. टॉमस अक्वाय्नसने (सु. १२२५–७४) त्यापुढे जाऊन ईश्वर प्रत्येक वस्तूला तिच्या स्वभावानुसार हलवितो, म्हणून इच्छेला हलविताना तो तिला इच्छा म्हणूनच, म्हणजे मुक्तपणे, हलवितो असे प्रतिपादिले.

धर्मसुधारणेच्या काळात वाद पुन्हा रस्त्यावर आला. इरॅस्मसने १५२४ मध्ये इच्छास्वातंत्र्याचा पक्ष घेणारे छोटे पुस्तक लिहिले आणि मार्टिन ल्यूथरने १५२५ मध्ये मनुष्याची इच्छा बद्ध आहे असे ठणकावणारे मोठे पुस्तक लिहून त्याला उत्तर दिले. आपले तारण आपल्या हाती असते तर क्षणाचीही शांती लाभली नसती, अशी ल्यूथरची भूमिका होती. या सिद्धांतातील दिलासा टीकाकारांच्या नजरेतून नेहमी निसटतो. जिनीव्हाचा जॉन कॅल्व्हिन (१५०९–६४) याचे नाव पूर्वनियतीशी कायमचे जोडले गेले असले, तरी त्याच्या मुख्य ग्रंथाच्या १५५९ च्या अखेरच्या लॅटिन आवृत्तीत हा विषय ईश्वराच्या स्वरूपाच्या चर्चेत नसून कृपेच्या विवेचनानंतर येतो. काहींचा विनाश ठरविणारी ईश्वराज्ञा भयप्रद आहे, हे त्याने स्वतःच मान्य केले होते. मात्र या मतावर जाहीर टीका करणाऱ्या जेरोम बोल्सेक या वैद्याला १५५१ मध्ये जिनीव्हातून हद्दपार व्हावे लागले. रोमन कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या परिषदेत (१५४७) पतनानंतर मनुष्याची इच्छा दुबळी झाली असली तरी नष्ट झालेली नाही, आणि आपण निवडलेल्यांपैकी आहोत असे विशेष साक्षात्काराविना कोणीही छातीठोकपणे म्हणू नये, असा निर्णय दिला.

तथापि या वादाने राज्ययंत्रच हादरविले ते नेदर्लंड्समध्ये. याकोबुस आर्मिनियस (१५६०–१६०९) हा औडेवाटर गावचा. स्पॅनिश सैन्याने १५७५ मध्ये त्या गावात केलेल्या कत्तलीत त्याची आई व भावंडे मारली गेली. जिनीव्हात कॅल्व्हिनचा उत्तराधिकारी बेझा याच्या हाताखाली शिकून तो ॲम्स्टरडॅममध्ये पाळक व १६०३ मध्ये लायडन विद्यापीठात प्राध्यापक झाला. कोण श्रद्धा ठेवील हे ईश्वर आधीच जाणतो व त्यानुसार निवड करतो. कृपेविना मनुष्य पहिले पाऊलही टाकू शकत नाही, पण तो कृपेला विरोध करू शकतो, असे त्याचे मत होते. प्रतिपक्षाने त्याला पेलेजियसच्या पंक्तीस बसविले, ते न्याय्य म्हणता येणार नाही. त्याचा सहकारी प्राध्यापक गोमारुस याने त्याला कडवा विरोध केला. आर्मिनियसच्या मृत्यूनंतर चाळीसहून अधिक पाळकांनी १६१० मध्ये हॉलंडच्या प्रांतिक सभेस पाच कलमांचे निवेदन सादर केले. त्यावरून त्यांना रिमॉन्स्ट्रंट म्हणजे निवेदनवाले हे नाव पडले.

याच सुमारास स्पेनशी बारा वर्षांचा तह (१६०९–२१) झाला होता. तह घडवून आणणारा मुत्सद्दी योहान व्हान ओल्डेनबार्नेव्हेल्ट रिमॉन्स्ट्रंटांना संरक्षण देत होता. चर्चवर प्रांतिक शासनाचा अधिकार असावा, असे त्याचे मत होते. तह नापसंत असलेला सेनापती मॉरिस ऑफ नॅसॉ १६१७ मध्ये प्रतिपक्षाच्या उपासनेस उघडपणे जाऊ लागला. पूर्वनियती हिरवी की निळी हेही आपणास ठाऊक नाही, असे मॉरिस म्हणाल्याची आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, एका धर्मतत्त्वाभोवती व्यापार, युद्ध व प्रांतांची सत्ता यांविषयीचे किती हेवेदावे गोळा झाले होते, हे तिच्यावरून ध्यानात येते. चर्चमध्ये शेजाऱ्यांनी एकमेकांचे तोंड पाहू नये, अशी वेळ अनेक गावांवर आली. प्रांतिक शासनाने शहरांना स्वतःचे शिपाई ठेवण्याची मुभा दिली, तेव्हा मॉरिसने ते सैन्य मोडून काढले व ऑगस्ट १६१८ मध्ये ओल्डेनबार्नेव्हेल्टला अटक केली.

डॉर्ट येथील धर्मसभा १३ नोव्हेंबर १६१८ रोजी भरली. इंग्लंड, स्वित्झर्लंड, पॅलाटिनेट, ब्रेमेन इ. ठिकाणचे प्रतिनिधी आले. फ्रान्सच्या राजाने तेथील प्रॉटेस्टंटांना येऊ दिले नाही, म्हणून त्यांची आसने रिकामी ठेवण्यात आली. रिमॉन्स्ट्रंटांना सभासद म्हणून नव्हे, तर आरोपी म्हणून बोलाविण्यात आले होते. त्यांचा नेता एपिस्कोपियस याने कार्यपद्धतीसच हरकत घेतल्याने जानेवारी १६१९ मध्ये अध्यक्ष बोगरमनने त्या सर्वांना सभेबाहेर घालविले. सभेने ईश्वराची निवड कोणत्याही पूर्वदृष्ट श्रद्धेवर अवलंबून नाही व निवडलेल्यांच्या बाबतीत कृपा अखेर निष्फळ ठरत नाही, असे ठरविले. तिच्या ठरावांत एक कलम मात्र निराळ्या सुराचे आहे. श्रद्धावंत मातापित्यांनी बालपणीच मरण पावलेल्या आपल्या मुलांच्या तारणाविषयी शंका बाळगू नये, असे ते सांगते. ईश्वर निरपराध अर्भकांना आईच्या छातीपासून ओढून नरकात टाकतो, असे या सिद्धांतावरून निष्पन्न होते, हा रिमॉन्स्ट्रंटांचा आरोप सभेला झोंबला होता हे उघड आहे. ज्या काळात तान्ह्या मुलाला पुरण्याची वेळ न आलेले घर विरळा, त्या काळात हे कलम उरलेल्या सर्व ठरावांहून अधिक लोकांच्या जिव्हाळ्याचे असले पाहिजे.

सुमारे २०० पाळकांना आपली पदे गमवावी लागली. १३ मे १६१९ रोजी हेग येथे ७१ वर्षांच्या ओल्डेनबार्नेव्हेल्टचा शिरच्छेद झाला. त्याचा सहकारी व पुढे आंतरराष्ट्रीय कायद्याचा जनक म्हणून प्रसिद्धीस आलेला ह्यूगो ग्रोशियस यास जन्मठेप झाली. मात्र १६२१ मध्ये पत्नी मारियाने योजलेल्या युक्तीनुसार पुस्तकांच्या पेटीत दडून तो लव्हस्टाइनच्या किल्ल्यातून निसटला. मॉरिसच्या मृत्यूनंतर (१६२५) छळ ओसरला व १६३४ मध्ये रिमॉन्स्ट्रंटांनी ॲम्स्टरडॅममध्ये स्वतःचे अध्यापनपीठही काढले. इतक्या अल्पावधीत जे सहन करता आले, त्यासाठी एका वृद्धाचे शिर घेण्याची गरज काय होती, हा प्रश्न डच इतिहासकारांना पुढेही पडत राहिला.

कॅथलिक जगातही याच पिढीत हा वाद रंगला होता. लूइस द मोलिना या जेझुइटाने १५८८ मध्ये लिस्बनला प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, कोणती व्यक्ती कोणत्या परिस्थितीत स्वेच्छेने काय करील हे ईश्वर जाणतो, अशा ‘मधल्या’ ज्ञानाची कल्पना मांडली. बान्येझप्रभृती डोमिनिकनांनी तिच्यावर झोड उठविली. पोपने नेमलेली समिती १५९८ पासून खल करीत राहिली. अखेर १६०७ मध्ये पाचव्या पॉलने कोणताच निर्णय न देता दोन्ही पक्षांना एकमेकांस पाखंडी म्हणण्याची बंदी केली. डॉर्टशी तुलना करता निर्णय न देण्यातले हे शहाणपण डोळ्यांत भरते. ते फार काळ मात्र टिकले नाही. कॉर्नेलियुस यान्सेनच्या ऑगस्टीनविषयक ग्रंथामुळे (१६४०) फ्रान्समध्ये नवा वाद उसळला. ब्लेझ पास्काल याने १६५६-५७ मध्ये यान्सेनपंथीयांची बाजू उपरोधपूर्ण पत्रांतून लढविली. तरीही १७०९ मध्ये पोर-रॉयाल मठातील जोगिणींना बाहेर काढण्यात आले व नंतर मठही जमीनदोस्त करण्यात आला. ऑर्थोडॉक्स चर्चने या सर्व पश्चिमी वादांपासून अंतर राखले. कॉन्स्टँटिनोपलचा कुलगुरू सिरिल लुकारिस याच्या नावाचे कॅल्व्हिनमताकडे झुकणारे श्रद्धापत्र १६२९ मध्ये जिनीव्हात छापले गेले. १६७२ च्या जेरूसलेम सभेने त्यातील मतांचा निषेध केला.

इंग्रजी भाषिक जगात पूर्वनियतीने एक विशिष्ट मनोवृत्ती घडविली. आपण निवडलेल्यांपैकी आहोत की नाही, याची चिन्हे प्यूरिटन लोक स्वतःच्या आचरणात शोधीत. जॉन बन्यनने १६६६ च्या आत्मवृत्तात आपली निवड झालेली नसली तर काय, कृपेचा दिवस मावळून गेला असला तर काय, या शंकांनी काढलेल्या यातनामय काळाचे वर्णन केले आहे. याच मनोवृत्तीतून उद्योगी, काटकसरी जीवनपद्धती व पर्यायाने भांडवलशाहीची वृत्ती वाढीस लागली, असा सिद्धांत माक्स वेबर याने १९०४-०५ मध्ये मांडला. त्यावर पुष्कळ आक्षेप घेतले गेले असून तो जसाच्या तसा आज क्वचितच मान्य होतो. अठराव्या शतकात जॉन वेस्लीने ‘सर्वांसाठी कृपा’ हे तत्त्व आपल्या प्रवचनाचा पाया केले. त्यामुळे कॅल्व्हिनमतवादी स्नेही जॉर्ज व्हाइटफील्ड याच्याशी त्याचे जाहीर मतभेद झाले. पण १७७० मध्ये व्हाइटफील्ड वारला, तेव्हा स्मृतिप्रवचन वेस्लीनेच केले.

या वादाचा भारताशी संबंध येतो तो येथून. अठराव्या शतकात इंग्लंडमधील काही बॅप्टिस्ट मंडळ्यांत असे मत रूढ होते, की निवडलेल्यांना ईश्वर आपल्या वेळी स्वतःच वळवील, म्हणून इतरांना श्रद्धेचे आवाहन करणे अप्रस्तुत होय. अशाच मंडळीत वाढलेल्या अँड्रू फुलरने १७८५ मध्ये या मताचे खंडन केले. निवड ईश्वराची असली तरी सुवार्ता ऐकविणे हे मनुष्याचे कर्तव्य आहे, ही त्याची मांडणी विल्यम कॅरीने पुढे नेली व १७९२ मध्ये परदेशी धर्मप्रसाराच्या बाजूने आपली पुस्तिका प्रसिद्ध केली. त्याच वर्षी बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन होऊन फुलर तिचा चिटणीस झाला आणि पुढील वर्षी कॅरी बंगालमध्ये उतरला. कॅरीचे मराठी व्याकरण (१८०५) व सेरामपूरचा मराठी नवा करार (१८११) हे या घडामोडीचे दूरचे फळ होत. १८१३ मध्ये मुंबईस आलेले अमेरिकन मराठी मिशन व १८२९ मध्ये तेथे आलेला स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन हेही कॅल्व्हिनच्याच परंपरेतील होते.

विसाव्या शतकात कार्ल बार्टने (१८८६–१९६८) १९४२ च्या आपल्या ग्रंथखंडात निवडलेला आणि नाकारलेला असे दोन्ही स्वतः ख्रिस्तच होय, असे सांगून कॅल्व्हिनच्या सिद्धांताची नव्याने मांडणी केली. युरोपातील ल्यूथरपंथी व कॅल्व्हिनपंथी चर्चेसनी १९७३ च्या लॉइएनबेर्ग करारात, पूर्वनियतीविषयीचे परस्परांवरील जुने निषेध आता एकमेकांस लागू पडत नाहीत, असे जाहीर केले. त्यापूर्वीच २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली होती. तीत प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरेतील मंडळ्या, अँग्लिकन, बॅप्टिस्ट आणि वेस्लीच्या परंपरेतील काही मेथडिस्ट मंडळ्या एकत्र आल्या. पूर्वनियतीविषयी कोणाही एका पक्षाचे मत मान्य करण्याची अट त्यांच्यापुढे ठेवण्यात आली नव्हती.